घोडी उभी आहे तोवर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा चिकोडीच्या स्टँडवर भेटलास. एजंटाचा कागद चौघडी करून खिशात होता. "काका, घोडीचा विमा काढू की नको?" एवढं विचारलंस आणि बसमध्ये चढलास. उत्तर द्यायला मला वेळच मिळाला नाही. रात्री झोपही लागली नाही, म्हणून लिहायला बसलो.

अकलूजच्या बाजारातून एक लाख चाळीस हजारांना घोडी आणलीस. थोरला म्हणतो हप्ता म्हणजे पाण्यात पैसे. एजंट म्हणतो सात हजार भर आणि निर्धास्त झोप. दोघांनाही घटकाभर बाजूला ठेव आणि मला एक सांग, तुला विमा कशासाठी हवाय? घोडी मेली तर भरपाई मिळावी म्हणून, की आजारी पडली तर डॉक्टरांचं बिल निघावं म्हणून? ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तू त्या एकात कालवल्यास म्हणून तुझा गोंधळ झालाय. मीही कालवल्या होत्या.

आपल्याकडे जनावरांचा जो विमा मिळतो तो मुख्यतः मृत्यूचा. रोगानं किंवा अपघातानं जनावर गेलं, तर ठरलेल्या किमतीपर्यंत पैसे. कायमचं निकामी झालं तर काही ठिकाणी जादा हप्ता भरून तेही घेता येतं. पण इंजेक्शन, सलाईन, ऑपरेशन? माझ्या हाती आजवर आलेल्या एकाही पॉलिसीत ते नव्हतं. तुझ्या कागदात असेल तर एजंटाला म्हण, ओळ दाखव. तोंडचं ऐकू नकोस. ठरवायचं ते घोडी उभी आहे तोवर ठरव, आणि कागद वाचून ठरव.

मी कागद कधी वाचला ते सांगतो. २००९ साल. उसाचा हंगाम चालू होता, चिंचलीच्या मायाक्काची जत्रा करून दोन दिवस झाले होते. गड्यानं उसाचे हिरवे वाढे, म्हणजे शेंड्याचा पाला, ढीगभर टाकले होते आणि पाणी कमी पाजलं होतं. रात्री दहाला घोडी चंदीला तोंड लावेना. पुढच्या पायानं जमीन उकरायची, मान वळवून कुशीकडे बघायची आणि धाडकन आडवी व्हायची. अंगावर गार घाम. कुशीला कान लावला. एरवी आत सारखी गुडगुड चालू असते, त्या रात्री काही म्हणजे काही ऐकू येईना. घोड्याला उलटी होत नाही रे. पोटात कोंडलेलं वर येत नाही, म्हणून आपल्याला किरकोळ वाटणारी पोटदुखी त्याच्या जिवावर उठते.

डॉक्टर साडेबाराला पोचले. नाकातून नळी घातली, इंजेक्शन दिलं, जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजली. मिनिटाला ऐंशी. धडधाकट घोड्याची तीस-चाळीस असते. म्हणाले, आतडं पिळलेलं दिसतंय, ऑपरेशनची सोय असेल तिथं आत्ताच हलवा, गाडीसकट पन्नास हजार धरा. मी ट्रंकेतून पॉलिसी काढली. धाकट्यानं बॅटरीच्या उजेडात इंग्रजी वाचून अर्थ सांगितला. सगळीकडे मृत्यू. उपचाराचा शब्द नाही.

घरात रोकड अकरा हजार होती. बायकोच्या पाटल्या होत्या, पण चार महिन्यांवर मुलीचं लग्न. सकाळी बघू म्हटलं. साडेचारला घोडी गेली.

लोक म्हणतात, नेली असती तरी वाचली नसती. असेलही. पिळलेल्या आतड्यानं टेम्पोत उभं राहून तीन-चार तासांचा रस्ता, पुष्कळ घोडी वाटेतच जातात. आणि लग्नाच्या तोंडावर पाटल्या मोडायला बापाचं मन धजलं नाही, हा काही गुन्हा नव्हे. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण तो विचार मला रात्री दोनला करावा लागला, घोडी समोर पाय झाडत असताना. तो आधी, दिवसाउजेडी करायला हवा होता. घोडी उभी असताना. विम्याचे पैसे पुढं खेटे घालून मिळाले. त्यातून दुसरी घोडी घेतली, पण पहिलीचं ठाण वर्षभर मोकळंच ठेवलं.

म्हणून माझं ऐक. विमा काढायचा तर काढ, माझी ना नाही. कर्ज काढून घोडी घेतलीयस, ती गेली तर हप्ते कोण फेडणार? त्यासाठी विमा ठीक आहे. पण अर्जात घोडीचं काम खरं लिही. वरातीची म्हणून लिहिलंस आणि घोडागाडीच्या शर्यतीला जुंपलीस, तर उद्या दावा नाकारायला त्यांना तेवढंच कारण पुरे. कपाळावरचा चांद, पांढरे पाय, भोवरे, सगळं नोंदव आणि फोटो काढून ठेव. सुरुवातीच्या काही दिवसांत आलेला आजार बहुतेक पॉलिसीत धरत नाहीत, तेही विचार.

सात हजार जड वाटत असतील तर आधी सरकारी दवाखान्यात जा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर, उंट घेतले आणि विम्याच्या हप्त्यात पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. बाकीचा केंद्र आणि राज्य भरतं. तुझ्या घोडीला तो मिळतो का ते तिथंच कळेल. घोडी महाराष्ट्रातून आणलीस तरी राहतोस कर्नाटकात, तेव्हा अर्ज इकडेच. कागद कन्नडमध्ये आला तर न कळता अंगठा उठवल्यासारखी सही करू नकोस. शेजारच्या मास्तरांकडून ओळ न् ओळ समजून घे.

आता दवाखान्याच्या खर्चाचं. तो विमा तुझा तुलाच करायचाय. वरातीची सुपारी मिळाली की त्यातली चौथाई घोडीच्या नावच्या वेगळ्या खात्यात टाक. त्या पैशाला हात घालायचा नाही, बियाण्यासाठी नाही, दिवाळीला नाही, भावाच्या अडचणीलाही नाही. कठोर वाटेल, वाटू दे. आणि घरच्यांसमोर आकडा बोलून ठेव की अमुक रकमेपर्यंत खर्च करू, त्यापुढं तिचे हाल थांबवू. हे बोलायला जीभ जड होते. तरी बोल. घोडी उभी आहे तोवर बोल, आडवी झाल्यावर तुझ्यात ते बळ राहणार नाही. माझ्यात राहिलं नाही.

अथणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं घोड्याचं ऑपरेशन होतं का, नसेल तर जवळ कुठं, हे याच आठवड्यात फोन करून विचार. रात्री कुठला टेम्पोवाला येईल, त्याच्याशी बोलून ठेव. फिरत्या दवाखान्याचा १९६२ आणि तुझ्या डॉक्टरांचा नंबर तबेल्याच्या दारावर रंगानं लिही, मोबाईलची बॅटरी ऐन वेळी संपते. धनुर्वाताची लस टोचली नसशील तर टोचून घे, नालबंद येऊन गेला की खिळ्याची जखम बघत जा. वाढे टाकायचेच तर थोडे, आणि पाणी भरपूर.

रविवारी ये. येताना तो कागद आण, माझा चष्मा नवा केलाय. आणि निघण्याआधी घोडीच्या जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोज, आकडा मला सांग. पहिल्यांदा सापडायला वेळ लागेल, तोवर ती उभी राहील.

तुझा,
काका