मुलीला ‘किरणांच्या’ कामाला पाठवू का?

गुहागरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. आत्याच्या छातीच्या रेडिएशनला सोबत म्हणून मुंबईला गेली, मशीनच्या खोलीत छताला लावलेले कॅमेरे बघून आली आणि आता मेडिकल फिजिक्सच, म्हणजे किरणोपचारांची मशीनं आणि डोस सांभाळायचं काम, करायचं म्हणते. वडील विचारतात, ‘किरणांच्या कामात उद्या लग्न, मुलंबाळं यांचं काय? आणि कॅमेरा बघायला एवढं शिकायचं कशाला?’

नमस्कार. आधी भीतीचं बोलू. किरण सुरू असताना त्या खोलीत पेशंटशिवाय कुणी नसतं. बाकीचे जाड काँक्रीटच्या भिंतीपलीकडे. प्रत्येकाच्या खिशाला किरण मोजणारा बिल्ला असतो. आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (अंगाला लागलेले किरण मोजायचं माप), आणि गरोदरपणात नियम आणखी कडक होतात. स्थळवाल्यांनी विचारलं तर एवढं सांगा.

आता कॅमेरा. तो अंगावर साध्या उजेडाची नक्षी पाडतो आणि कातडी जागची हलली का, हे उपचार संपेपर्यंत बघत राहतो. आजार डाव्या बाजूचा असेल तर पेशंटला श्वास भरून धरायला लावतात, म्हणजे हृदय किरणांपासून लांब राहतं. श्वास सुटून छाती ठरवलेल्या मिलिमीटरांपेक्षा खाली आली की किरण थांबवतात. पण यातून कळतं ते पेशंट कुठे आहे एवढंच. किरण कुठे पडतायत, हे दाखवणारा कॅमेरा वेगळा. किरण शरीरात शिरले की अगदी मंद उजेड होतो, त्याला चेरेन्कोव्ह म्हणतात. अणुभट्टीच्या पाण्यात दिसतो तोच निळा उजेड; त्याच्या शोधाला १९५८चं नोबेल मिळालं. अंगावरचा मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मशीन मायक्रोसेकंदांचे झटके देतं, कॅमेरा नेमका तेवढ्यापुरता उघडतो. हनुवटीवर किंवा दंडावर नको तिथे किरण जात असतील तर ते असे पकडता येतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. सावळ्या कातडीतून हा उजेड कमी बाहेर येतो. म्हणून चित्र अंधुक दिसलं की डोस कमी पडला, असं धरून चालत नाही. हे ओळखायला फिजिक्सच लागतं. कॅमेरे काय, दर काही वर्षांनी बदलतील.

रस्ता असा: एम.एस्सी. फिजिक्स, किमान ६० टक्के, मग भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा आणि त्यावर वर्षभर इंटर्नशिप. थेट मेडिकल फिजिक्समध्ये एम.एस्सी. करता येतं, पण फी भरण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळ तो कोर्स मानतं का, हे बघाच. गुळगुळीत माहितीपत्रकांवर मी स्वतः एकदा फसलोय.

आत्याच्या पुढच्या तपासणीला मुलीला पुन्हा न्या, आणि तिथल्या फिजिसिस्टना अर्धा तास मागा. पेशंट येण्याआधी सकाळी आणि ते गेल्यावर संध्याकाळी मशीनच्या चाचण्या कशा चालतात, हे तिला बघू द्या. तेच ते आकडे पुन्हा पुन्हा तपासायचा तिला कंटाळा येतो का, हे परतीच्या एसटीत तिलाच विचारा.