चळवळी अभ्यासविषय घडवतात, की अभ्यासविषय चळवळी?

दोन्ही. पण पहिला धक्का बहुतेकदा रस्त्यावरून येतो, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या सोलापुरात पूर्व भागात बायका घरी बसून विड्या वळतात. अर्थशास्त्राच्या लेखी मात्र कामगार म्हणजे गिरणीच्या भोंग्यावर निघणारा पुरुष. ही बाई गृहिणीच. १९६६च्या विडी कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानलं. विद्यापीठं मागून आली. १९७४मध्ये स्त्रियांच्या स्थितीवरचा सरकारी समितीचा अहवाल आला, त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यास केंद्र सुरू झालं आणि बायकांचं न मोजलेलं काम हा संशोधनाचा विषय झाला.

मग प्रवाह उलटा फिरला. असंघटित क्षेत्रातल्या कष्टकरी बायकांवरचा १९८८चा ‘श्रमशक्ती’ अहवाल, घरबसल्या उत्पादन करणाऱ्यांसाठी १९९६चा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार (भारताने तो अजून मंजूर केलेला नाही, याची चीड येते): अशा दस्तऐवजांमुळे संघटनांच्या हाती आकडे आणि भाषा आली.

दलित पँथर १९७२ची. दलित साहित्य अभ्यासक्रमांत रुजलं ते त्यानंतरच. मात्र विषय परीक्षेपुरता उरला की त्याची धार जाते. म्हणून विडी वळणाऱ्या आईची मुलगी विद्यापीठात त्या विषयाच्या विभागात शिकवायला पोचते का, हे मी आधी पाहतो.