नव्या लॅपटॉपसोबत विंडोजची डिस्क आली नाही, मग लायसन्स कुठे आहे?

तुम्ही विचारलंय की लॅपटॉप विंडोज ११ टाकूनच आला, पण खोक्यात डिस्क नाही आणि खालच्या बाजूला की, म्हणजे लायसन्सचा अक्षर-अंकी कोड, छापलेला स्टिकरही नाही. उद्या फॉरमॅट मारायची वेळ आली तर विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागेल का?

नाही घ्यावं लागणार. तुमचं लायसन्स मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या मुख्य बोर्डवर आहे. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून लॅपटॉप कंपन्या प्रत्येक मशीनची स्वतंत्र २५ अक्षरी की कारखान्यातच फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहून ठेवतात. विंडोज टाकताना इन्स्टॉलर ती स्वतःच वाचतो. त्याआधी ती स्टिकरवर असायची आणि मांडीवर, टेबलावर घासून पुसली जायची. टॉर्च तिरका धरून हा बी आहे की आठ, हे ताडत मी कितीतरी वेळ घालवला आहे. मायक्रोसॉफ्टच्या कीमध्ये ही दोन्ही अक्षरं येतात, त्यामुळे अंदाजही बांधता येत नसे. तेव्हा मिळणारी, विंडोज पुन्हा टाकायची रिकव्हरी डिस्क म्हणजे लायसन्स नव्हे, हे मात्र त्या काळातही खरं होतं. ती डिस्क बायोसमध्ये (तेव्हाच्या बोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये) कंपनीची खूण शोधायची आणि दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर चालायची नाही.

हे न कळल्यामुळे लोकांचं नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझ्या मावसबहिणीचा लॅपटॉप माझ्याकडे आला, तक्रार अशी की कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी पुसट अक्षरं येतात, म्हणजे विंडोजला लायसन्स पटलेलं नाही. घेतला तेव्हा विंडोज होम ही घरगुती आवृत्ती सोबत आलेली होती. मधे हार्ड डिस्क बदलली, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने 'तुमच्याकडे डिस्क नाही ना' म्हणून स्वतःकडचं प्रो, म्हणजे वरची आवृत्ती, टाकून दिलं आणि त्याचे वेगळे पैसे घेतले. मी विंडोजचं बटण आणि आर दाबून एसएलएमजीआर, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि डीएलआय (slmgr /dli) असं टाइप केलं. चौकटीत व्हॉल्यूम, केएमएस अशी अक्षरं आली. म्हणजे मोठ्या संस्थांसाठी असलेल्या पद्धतीची नक्कल करून ते चालू केलेलं होतं. असं ॲक्टिव्हेशन एका वेळी १८० दिवसच टिकतं. आणि एवढा सगळा वेळ तिची खरी, पैसे भरून घेतलेली की त्याच मदरबोर्डवर पडून होती! मी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेन ड्राइव्ह बनवला आणि विंडोज नव्याने टाकलं. इन्स्टॉलरने ना की विचारली, ना होम की प्रो ते. होम टाकलं गेलं, वायफाय जोडल्यावर ॲक्टिव्हेटही झालं. पैसे मोजून घेतलेल्या माणसाला कोणी चोरीचा माल लावून द्यावा, याचा मला आजही संताप येतो.

तुम्ही तुमच्या मशीनवर हीच आज्ञा देऊन बघा. ओईएम_डीएम (OEM_DM) असं दिसलं तर की बोर्डवर आहे आणि काळजीचं कारण नाही. लॅपटॉप लिनक्स किंवा डॉसवर घेतला असता तर गोष्ट वेगळी, त्यात की नसते.

पेन ड्राइव्ह मात्र लॅपटॉप धड आहे तोवरच बनवून ठेवा. किमान ८ जीबीचा लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर विंडोज परत टाकायला राखलेल्या भागाच्या, म्हणजे रिकव्हरी पार्टिशनच्या भरवशावर राहू नका, डिस्क गेली की तेही गेलं. नव्या लॅपटॉपवर डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद झालेली असते, तेव्हा बिटलॉकरची, म्हणजे या कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये दिसते का ते तपासून कागदावर उतरवून घ्या. सोबत ऑफिस आलं असेल तर ते कोणत्या अकाउंटला जोडलंय तेही लिहून ठेवा, कारण पुन्हा टाकताना त्याच अकाउंटने आत जावं लागतं. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच मशीनवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. घाबरू नका, डिस्क बिघडलेली नसते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून स्टोरेजचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेतलेला असला की 'लोड ड्रायव्हर' म्हणून पुढे जाता येतं.

एक मर्यादा आहे. हे लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येत नाही. रॅम बदला, डिस्क बदला, काही फरक पडत नाही, पण बोर्ड बदलला तर की गेली. वॉरंटीत कंपनीने बोर्ड बदलला तर नव्या बोर्डवर विंडोजची की टाकून द्यायला आधीच सांगा, आणि मशीन हातात घेण्यापूर्वी तिथेच सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग ॲक्टिव्हेशन उघडून खात्री करून घ्या.