कॅमेऱ्याची ओढ की फोटोची?

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. भौतिकशास्त्र आणि गणितात चांगला आहे. दोन वर्षांपासून त्याला फोटोग्राफीचं वेड लागलंय. वापरलेला एक मिररलेस कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली साधी लेन्स त्याच्याकडे आहे. रोज रात्री दोन-तीन तास नव्या कॅमेऱ्यांच्या बातम्या आणि चाचण्यांचे व्हिडिओ बघत बसतो. आता नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, हवी म्हणतो आणि पदवीही फोटोग्राफीतच करायची म्हणतो. त्याच्या वडिलांचं म्हणणं, आता फोन आणि एआयच फोटो बनवतात, यात पोट कसं भरणार? आम्ही काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात कॅमेऱ्याबद्दल बरंच काही आहे, पण मुलानं काढलेल्या एकाही फोटोचा उल्लेख नाही. तुम्ही तो मुद्दाम गाळला असेल असं मला वाटत नाही. घरात बोलणंच बहुधा कॅमेऱ्याचं होत असावं. म्हणून नवी बॉडी आणि पदवी हे दोन्ही प्रश्न थोडे बाजूला ठेवू आणि आधी एवढंच शोधू की त्याला ओढ कॅमेऱ्याची आहे की फोटोची. दोन्ही ओढी चांगल्या आहेत, दोन्हींतून काम मिळतं. पण त्यांचं शिक्षण वेगळं आहे, आणि इथे गल्लत झाली तर तीन-चार वर्षं चुकीच्या वर्गात जातात.

तुमच्या मिस्टरांची शंका आधी घेतो, कारण ती खोटी नाही. जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या, म्हणजे सीपाच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ मध्ये हाच आकडा ७७ लाखांच्या आसपास होता. खिशात मावणारा साधा कॅमेरा फोननं जवळपास संपवला. त्याबरोबर 'माझ्याकडे कॅमेरा आहे' एवढ्या भांडवलावर मिळणारं कामही संपलं. मात्र २०२४ मध्ये आकडा पुन्हा ८४ लाखांच्या वर गेला. म्हणजे आज जे कॅमेरा विकत घेतात, ते काहीतरी ठरवून घेतात.

एआयबद्दलही घाबरून न जाता बघायला हवं. एप्रिल २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकारानं सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधलं आपलं बक्षीस नाकारलं आणि ती प्रतिमा एआयनं तयार केल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी फोटोशॉपमध्ये शब्द लिहून चित्रात हवं ते भरण्याची सोय आली. साध्या, कुठेही चालतील अशा सजावटी फोटोंचं काम यामुळे कमी होणार, हे मी मान्य करतो. पण त्याच २०२३ मध्ये लायका या जर्मन कॅमेरा कंपनीनं एम११-पी हा कॅमेरा आणला. फोटो कधी आणि कशानं काढला, याची डिजिटल सही त्यात शटर दाबताक्षणी फाइललाच जोडली जाते, आणि नंतर काय बदललं याची नोंदही तिच्यासोबत ठेवता येते. ही सही कशी असावी हे ठरवणारं सीटूपीए नावाचं मानक २०२१ पासून अनेक मोठ्या कंपन्या आणि माध्यमसंस्था मिळून घडवत आहेत. मला यात एक उघड गोष्ट दिसते : जिथे फोटो पुरावा असतो, तिथे तो काढणारा माणूस आणि त्याचा शब्द महत्त्वाचा राहणार. बातमी, न्यायवैद्यक काम, रुग्णालयातल्या जखमांच्या आणि त्वचारोगांच्या नोंदी, संग्रहालयातल्या वस्तूंचं डिजिटायझेशन ही सगळी अशी क्षेत्रं आहेत. तिथे सुंदर प्रतिमा बनवून चालत नाही, खरी घ्यावी लागते.

आता त्याच्या रोजच्या बातम्या. त्या बंद करायला सांगू नका. फक्त त्यानं निवड करायला शिकावं. उदाहरण देतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सोनीनं ए९ थ्री जाहीर केला, ग्लोबल शटर असलेला पहिला फुल-फ्रेम कॅमेरा, म्हणजे ज्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा असतो असा. ही बातमी त्यानं नक्की पाहिली असेल. त्याला विचारा, ग्लोबल शटर म्हणजे काय? बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर ओळीमागून ओळ वाचला जातो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना फार वेगानं फिरणारी वस्तू फोटोत वाकडी दिसते आणि काही दिव्यांखाली पट्टे उमटतात. ग्लोबल शटरमध्ये सगळे पिक्सेल एकाच क्षणी प्रकाश टिपतात. खेळांचे फोटो काढणाऱ्याला याचा मोठा उपयोग. शांत उभ्या इमारतीचा फोटो काढणाऱ्याला जवळपास शून्य. तुम्हाला हे समजावताना त्याचे डोळे चमकले, कागद घेऊन तो आकृती काढायला लागला, तर ती खूण लक्षात ठेवा. बातमी फक्त 'घ्यायचाय' इथेच थांबत असेल, तर तीही खूणच आहे.

कारण पहिली खूण खरी ठरली, तर त्याच्यासमोर एक वाट आहे जी पालकांना सहसा कुणी सांगत नाही : इमेजिंग सायन्स, म्हणजे प्रतिमा तयार होण्यामागचं विज्ञान. सेन्सर, प्रकाशशास्त्र, रंगाचं गणित, प्रतिमा सुधारणारे अल्गोरिदम हे सगळं त्यात येतं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तो स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जातो. इतरत्र भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्समधून तिकडे जाता येतं. या क्षेत्राला छोटं समजू नका. डिजिटल कॅमेऱ्याचा पाया घालणाऱ्या सीसीडी या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा शोध १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी लावला, आणि त्यासाठी २००९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. फोनचा कॅमेरा अंधारात फोटो काढतो तो लेन्सच्या जोरावर नव्हे, अनेक फ्रेम एकमेकींवर जुळवणाऱ्या गणिताच्या जोरावर. ते गणित करणारी माणसं लागतात, आणि तुमच्या मुलाला गणित आवडतं.

हे जोखायला एक चांगली परीक्षा आहे, तीही फुकट. मार्क लेव्हॉय हे स्टॅनफर्डचे प्राध्यापक. पुढे गुगलमध्ये त्यांनी फोनच्या कॅमेऱ्याचं प्रतिमातंत्र घडवणाऱ्या गटाचं नेतृत्व केलं. डिजिटल फोटोग्राफीवरची त्यांची १८ व्याख्यानं २०१६ पासून इंटरनेटवर खुली आहेत. लेन्समधून प्रकाश कसा वळतो इथपासून नॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोत दिसणारे दाणे, कुठून येतो इथपर्यंत सगळं त्यात आहे, गणितासकट. रात्रीच्या दोन तासांपैकी एक तास महिनाभर याला द्यायला सांगा. कंटाळून सोडलं तर रागावू नका. तेवढंच कळायला हवं होतं.

दुसरी परीक्षा फोटोची, आणि ती जास्त अवघड आहे. एकच विषय, दोन महिने, आहे त्याच कॅमेऱ्यानं. एखाद्या माणसाचं काम, एक खोली, एक झाड, काहीही. पण तिथे पुन्हा पुन्हा जायचं. फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरनं टिपलेली माहिती जवळपास जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढावेत. जेपेग या नेहमीच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावलीतला तपशील वर काढताना हा फरक डोळ्यांना दिसतो, आणि आपण नेमकं कुठे चुकलो हेही दिसतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही रॉ फाइल हाताळण्याची मोफत सॉफ्टवेअर आहेत. शिकायला ती पुरेशी आहेत. दोन महिन्यांनी सगळ्यांतून २० फोटो निवडायचे.

निवडणं हे मुलांना सगळ्यात जड जातं. मागे एक विद्यार्थी माझ्याकडे चार हजारांवर फोटो घेऊन आला होता. आम्ही दोघं दिवसभर बसलो, संध्याकाळी नऊ उरले. त्या दिवशी तो जेवढं शिकला, तेवढं आधीच्या वर्षभरात शिकला नव्हता, असं तोच म्हणाला. फोटो काढणं आणि फोटो ओळखणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दुसरं वाढवायला न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं तयार केलेला ऑनलाइन अभ्यासक्रम चांगला आहे. त्यात कॅमेऱ्याची बटणं शिकवत नाहीत. संग्रहातले फोटो समोर ठेवून ते का काढले गेले आणि कसे वाचायचे, हे शिकवतात.

नव्या बॉडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : आत्ता नको. कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स झूम केल्यावर बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ ची साधी स्थिर लेन्स, म्हणजे जिला झूम नाही अशी, सेन्सरवर जवळजवळ दहापट प्रकाश सोडते. एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं, आणि प्रकाश त्या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. गणित तो स्वतः करून दाखवेल. त्याच्या आताच्या बॉडीला बसणारी अशी एखादी वापरलेली लेन्स घेतली, तर नव्या बॉडीपेक्षा त्याचे फोटो जास्त बदलतील. उरलेल्या पैशांत एक जास्तीची हार्ड डिस्क घ्या. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम व्यावसायिक पाळतात. ही सवय आत्ताच लागलेली बरी.

स्पर्धांच्या बातम्या मात्र त्यानं रोज बघाव्यात. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फी नसते. त्याला वन्यजीवांत रस असेल, तर हे वर्ष वाया घालवू नका. सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सलाही फी नाही, आणि तिथे तरुणांसाठी वेगळा विभाग आहे. जिंकण्यासाठी नव्हे, तर नियम वाचण्यासाठी मी हे सांगतो. कारण या क्षेत्राची नीती नियमांतच लिहिलेली असते. याच वन्यजीव स्पर्धेत २००९ चा पहिला क्रमांक पुढे काढून घेतला गेला, कारण फोटोतला लांडगा माणसाळवलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं. वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या स्पर्धेनं २०१५ मध्ये उपान्त्य फेरीतले २० टक्के फोटो बाद केले होते. मूळ फाइलीशी ताडून पाहिल्यावर त्यांत नको तेवढे बदल आढळले होते. मूळ रॉ फाइल का जपायची, हे त्याला माझ्यापेक्षा या नियमांवरून लवकर पटेल. आणि एक : जिथे फी मोठी, परीक्षकांची नावं नाहीत आणि पाठवलेल्या प्रत्येक फोटोचे सगळे हक्क आयोजकांकडे जातात, तिथे पाठवू नका.

पदवीचं काय? तो फोटोच्या बाजूचा निघाला, तरी मी लगेच फोटोग्राफीची पदवी सुचवणार नाही. फोटोग्राफीबरोबर दुसरं काही जाणणाऱ्याला काम लवकर मिळतं. जीवशास्त्र येणारा फोटोग्राफर प्रयोगशाळेत लागतो, पुरातत्त्व समजणारा उत्खननावर लागतो, एखाद्या खेळाची बारकाई कळणारा चेंडूच्या आधी जागेवर पोचतो. शिवाय या व्यवसायात फक्त कॅमेरा धरणारेच नसतात. फोटो एडिटर आहेत, रिटचिंग करणारे आहेत, रंग सांभाळणारे, छपाईचे जाणकार, संग्रह लावणारे आर्काइव्हिस्ट आहेत. एखाद्या कामाच्या स्टुडिओत सुट्टीचा महिनाभर त्याला दिवे उचलायला पाठवा. तिथे तो क्लायंटशी कसं बोलायचं, काम वेळेत कसं द्यायचं, बिल कसं करायचं हे बघेल, आणि ते कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही.

मिस्टरांना माझी एक विनंती सांगा. दोन महिन्यांनी तो २० फोटो मांडेल तेव्हा त्यांनीही शेजारी बसावं, आणि 'छान आहे' न म्हणता प्रत्येक फोटोला 'हा का ठेवलास?' एवढंच विचारावं. त्याची उत्तरं लिहून ठेवा आणि फोटोंसोबत मला पाठवा. व्याख्यानं किती पाहिली, कुठे अडला, हेही त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहावं. ते वाचून पदवीचा अर्ज कुठे करायचा, ते आपण तिघं-चौघं मिळून ठरवू.