जाहिरात छापली, बिल अडकले

प्रश्न : कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातून (जि. बेळगाव) आम्ही मराठी साप्ताहिक काढतो. राज्य सरकारच्या एका खात्याकडे तीन जाहिरातींचे १,४२,००० रुपये थकलेत. सर्वांत जुनी जाहिरात अडीच वर्षांपूर्वीची. विचारले की ‘मार्च एंडला बघू’. मराठी अंक म्हणून नव्या जाहिरातीही मिळत नाहीत, असे वाटते. काय करावे?

उत्तर : तुमची गाऱ्हाणी दोन आहेत, ती वेगळी ठेवा. बिल हा हक्क आहे, नवी जाहिरात हा नाही. दोन्ही एका अर्जात घातलीत तर उत्तर भाषेवर येईल आणि पैशाचा विषय फाईलमध्येच राहील.

आधी पैसे, कारण मुदत सरत चालली आहे. वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. पैसे कधी द्यायचे हे रिलीज ऑर्डरमध्ये (जाहिरात छापण्याच्या खात्याच्या लेखी आदेशात) ठरलेले नसेल, तर ही तीन वर्षे बिलाच्या तारखेपासून नव्हे, जाहिरात छापल्यापासून मोजतात. प्रत्येक जाहिरातीची वेगळी. म्हणजे पहिल्या बिलाला तुमच्याकडे जेमतेम सहा महिने आहेत. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी ‘एवढी रक्कम देणे आहे’ असे अधिकाऱ्याच्या सहीचे पत्र मिळाले, तरच लिमिटेशन (मुदत) कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या सहीपासून नवी तीन वर्षे मिळतात. बरेच जण इथे फसतात : तुमच्या अर्जावरचा आवक शिक्का ही कबुली नव्हे. रिलीज ऑर्डर क्रमांक, अंकाची तारीख, चौरस सेंटिमीटर, दर आणि रक्कम असा तक्ता करून अंकांच्या प्रतींसह द्या आणि त्यावर लेखी उत्तर मागा. फोनवरून आलेली जाहिरात असेल तर खात्याने पाठवलेला मजकूर, व्हॉट्सॲपवरचा असला तरी, जपून ठेवा.

महिनाभरात उत्तर नाही आले तर सरकारवर दाव्याआधी लागणारी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस खात्याच्या सचिवांना किंवा बेळगावच्या डीसींना (जिल्हाधिकाऱ्यांना) द्या. त्यानंतर दोन महिने थांबावे लागते. तो काळ मुदतीत धरत नाहीत, तरी शेवटच्या आठवड्यावर बेतू नका.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) या जाहिरातींच्या आधीची असेल तर मार्ग आणखी सोपा : पंचेचाळीस दिवसांपलीकडच्या थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. आज नोंदणी करून जुन्या बिलांना ते लावण्याचा भरवसा धरू नका. नोंदणी मात्र करा, फुकट आहे.

आता जाहिराती. प्रेस रजिस्ट्रारकडे (नियतकालिकांची नोंदणी करणाऱ्या केंद्रीय कार्यालयाकडे) वार्षिक विवरण भरले नसेल किंवा अंकात खंड असेल, तर भाषेचा मुद्दा काढूच नका, त्या त्रुटीवरच बाद व्हाल. कागद पक्के असतील तर माहिती अधिकारात वर्षभरात तालुक्यातल्या कोणत्या अंकांना किती जाहिराती दिल्या ते विचारा. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. खपानुसार वर्गवारी चालते, पण एका वर्गातल्या अंकांना समान वागवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ च्या निकालात घालून दिले आहे. त्या आकड्यांसह निवेदन द्या. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे ते मराठीत देता येते, सोबत कन्नड अनुवाद जोडा, म्हणजे टेबलावर अडणार नाही. उत्तर आले नाही किंवा आकड्यांत भेदभाव दिसला, तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करा. तिथे तुमचा अंदाज नव्हे, हे आकडे चालतात.