हिंजवडीतल्या आमच्या १२ जणांच्या टीमला ४० कामं वाटायची आहेत. मुदत आणि खर्च दोन्ही सांभाळणारं वेळापत्रक अल्गोरिदमने काढता येईल का?

हो, काढता येईल, पण एकच 'सर्वोत्तम' वेळापत्रक हाती येणार नाही. पर्यायांची एक रांग मिळेल, जिच्यात मुदत आणखी कमी करायची तर खर्च वाढतोच. यालाच पॅरेटो फ्रंट म्हणतात, आणि त्यातला कुठला पर्याय घ्यायचा हे मॅनेजरनेच ठरवायचं. मी पुण्यात हेच प्लॅनिंगचं काम करते. एनएसजीए-२ या, पर्यायांच्या पिढ्या तयार करून त्यातले चांगले निवडत जाणाऱ्या अल्गोरिदमपासून सुरुवात करा: आयआयटी कानपूरच्या कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांची ही पद्धत २००२ साली प्रसिद्ध झाली, पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पायमू लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) ती तयार मिळते. कोड चालवण्याआधी हे नियम मात्र नीट घाला:

- कोणतं काम कोणाला येतं
- कशाआधी काय संपायला हवं
- एका माणसाचे दिवसाचे जास्तीत जास्त तास

दुसरा नियम राहिला, तर लॉगिन स्क्रीन बनण्याआधीच तिचं टेस्टिंग लावलेलं वेळापत्रक समोर येतं, आणि दिसायला तेच सगळ्यात झटपट असतं! एक मर्यादा लक्षात ठेवा: साध्या मॉडेलला वाटतं, माणसं दुप्पट केली की वेळ निम्मा. प्रत्यक्षात ५ जणांत बोलण्याच्या जोड्या १० असतात, १० जणांत ४५. तो वेळही मॉडेलमध्ये धरा.