वाचकांचे प्रश्न : कंप्रेसर नेमकं दाबतो काय?

या खेपेच्या पत्रांत इलेक्ट्रिक गिटारच्या कंप्रेसर पेडलवरचेच (गिटार आणि अँपच्या मध्ये लावायच्या, पायाने चालू-बंद होणाऱ्या डबीवरचेच) प्रश्न जास्त होते, म्हणून हा भाग त्यालाच दिला आहे.

प्रश्न : आमचा ऑर्केस्ट्रा चवथीला आणि जत्रांना वाजवतो. संथ गाण्यात मी एकेक तार सुटी छेडतो तेव्हा ढोलकी आणि कीबोर्डखाली गिटार बुडते, आणि पुढे कॉर्ड मारली की गायक मागे वळून बघतो. कंप्रेसर घेताना दोन नॉबचा घ्यावा की पाच नॉबचा?
– एक गिटारवादक, डिचोली

उत्तर : तुमच्या तक्रारीवर कंप्रेसर हाच उपाय आहे, पण तो काय करतो ते आधी समजून घ्या. तो हळू आवाज वाढवत नाही, मोठा आवाज खाली दाबतो. ज्या पातळीच्या वर गेलं की तो दाबायला लागतो तो त्याचा उंबरठा, म्हणजे थ्रेशोल्ड. समजा, सुटी तार त्याच्या उंबरठ्याला जेमतेम टेकते आणि कॉर्ड त्याच्या १२ डेसिबल वर जाते. दाबण्याचं प्रमाण (रेशो) ४ ला १ असेल तर कॉर्ड उंबरठ्याच्या फक्त ३ डेसिबल वर उरते. दाबलेले ९ डेसिबल तुम्ही लेव्हलच्या नॉबने भरून काढता, तेव्हा कॉर्ड पहिल्याइतकीच वाजते आणि सुटी तार ९ डेसिबल वर येते. ढोलकीखालून गिटार बाहेर निघते ती अशी. ‘सस्टेन’ म्हणतात तेही हेच. तार काही जास्त वेळ हलत नाही, तिचं विरत जाणारं शेपूट वर उचललं जातं.

दोन नॉबच्या पेडलांतलं सगळ्यांना माहीत असलेलं म्हणजे १९७० च्या दशकातलं एमएक्सआर डायना कॉम्प. त्यावर सेन्सिटिव्हिटी (दाब) आणि आउटपुट (लेव्हल) एवढंच असतं, किती झटकन पकडायचं (अटॅक) आणि कधी सोडायचं (रिलीज) हे आत ठरलेलं. पिकचा ‘टक्’ त्यात चांगलाच दबतो. फंकच्या तुटक कॉर्डना आणि कंट्री ढंगाच्या वादनाला तोच दाब हवा असतो. तुम्हाला मात्र तारेचा टक् ऐकू यायला हवा, म्हणून ब्लेंडचा नॉब असलेलं पेडल बघा. ब्लेंड म्हणजे न दाबलेला मूळ आवाज सोबत मिसळणं. निम्मा मूळ आवाज मिसळला तरी बोटांची धार परत येते.

दाब, लेव्हल, ब्लेंड आणि जमल्यास अटॅक, एवढे नॉब स्टेजसाठी पुरेत. थ्रेशोल्ड, रेशो, रिलीज सगळं सुटं असलेलं पेडल घरी रेकॉर्डिंगला छान. जत्रेत अर्ध्या उजेडात दोन गाण्यांच्या मध्ये त्याच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. आत दिवा आणि प्रकाशाला संवेदनशील घटक असलेली ऑप्टिकल पेडलं सहसा सावकाश पकडतात आणि हळुवार सोडतात. संथ गाणी जास्त असतील तर ती ऐकाच.

दुकानात स्वतःची गिटार न्या. तारांचं कंपन पकडणाऱ्या पिकअपचे हंबकर आणि सिंगल कॉइल असे प्रकार असतात; हंबकरचा सिग्नल सिंगल कॉइलपेक्षा सहसा मोठा असतो, त्यामुळे तोच नॉब तिथल्या गिटारवर वेगळा दाबेल. आणि पेडल चालू-बंद करून आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्या. जरा जोरात वाजलं की कानाला ते चांगलंच वाटतं. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं.

प्रश्न : चार नॉबचं पेडल घेतलं. चालू केलं की गिटारवर गोधडी टाकल्यासारखी वाटते. पेडल खराब आहे का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : बहुधा नाही. अटॅक फार जलद लागला आहे. १ ते ५ मिलिसेकंदांत पकडणारा कंप्रेसर पिकचा पहिला ठोकाच गिळतो. २० ते ३० मिलिसेकंद दिले की ठोका सुटून जातो आणि मागचा सूर दाबला जातो. पेडलवर आकडे लिहिलेले नसतात आणि दिशेचाही भरवसा नाही. काहींवर उजवीकडे म्हणजे जलद, काहींवर नेमकं उलट. स्टुडिओतल्या १९६७ च्या ११७६ या प्रसिद्ध कंप्रेसरवर तर मोठा आकडा म्हणजे कमी वेळ, आणि त्यावर बेतलेल्या पेडलांतही ती सवय सापडते. तेव्हा नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत एकच तार पुन्हा पुन्हा छेडा. ठोका कुठे परत येतो ते कान सांगतील.

मग क्रमाने जा. दाब शून्यावर ठेवून लेव्हल अशी लावा की चालू-बंद सारखं वाजेल. गाण्यात माराल त्यातली सगळ्यात जोरदार कॉर्ड मारत दाब वाढवा. आवाज मुठीत धरल्यासारखा वाटायला लागला की थोडं मागे या. आता लेव्हल पुन्हा जुळवा, कारण दाब हलला की तीही हलते. रिलीजचा नॉब असेल तर गाण्याच्या लयीकडे बघा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत अर्ध्या ठोक्याचा सूर २५० मिलिसेकंदांचा असतो. कंप्रेसर त्याच्या आत मोकळा झाला नाही तर पुढचा सूर आधीच्या दाबाखाली दबूनच निघतो. पण फार आखूडही नको. जाड ई तारेचं एक कंपन १२ मिलिसेकंदांचं असतं. रिलीज त्याच्या जवळ गेला की कंप्रेसर प्रत्येक कंपनामागे धावतो आणि खालचे सूर फाटतात.

प्रश्न : किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजवताना मी थांबलो की अँपमधून ‘शूं’ वर येतं, सोबत गुणगुणही. पेडल नव्हतं तेव्हा हे नव्हतं.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ‘शूं’ होतंच, आता ते उचललं जातंय. पहिल्या उत्तरातले ९ डेसिबल आठवा. तुम्ही थांबलात की दाबायला काही उरत नाही, पण भरपाईचे ९ डेसिबल तसेच राहतात, आणि तारांऐवजी पिकअपची व कंप्रेसरच्या आधी लावलेल्या पेडलांची खरखर वर येते. दाब कमी करणं हा पहिला इलाज, ब्लेंड वाढवणं दुसरा.

गुणगुण कुठून येते ते दोन चाचण्यांत कळतं. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. गुणगुण गेली तर ती पिकअपमधून येते: दिव्यांचे डिमर, फ्रीज, शेजारी ठेवलेला मोबाइल. अशा वेळी दोन पावलं बाजूला सरकलं किंवा गिटारचं तोंड थोडं फिरवलं तरी फरक पडतो. गुणगुण तशीच राहिली तर कंप्रेसर अडॅप्टरवरून काढून ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावून बघा. आता थांबली तर दोष वीजपुरवठ्याचा. एकाच वायरीवर सगळी पेडलं ओवली असतील आणि त्यात डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) असेल तर त्याची किणकिण कंप्रेसरमध्ये शिरते. प्रत्येक पेडलाला अलग आउटपुट देणारा पुरवठा घ्या किंवा निदान कंप्रेसर तरी वेगळा ठेवा. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच, मिलिअँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि मधली पिन ऋण आहे ना हे पेडलवरच्या खुणेशी ताडून बघा. उलटा लावलेला अडॅप्टर पेडल जाळू शकतो.

काही जण गुणगुण घालवायला अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. ओल्या वाळूत उभं राहून असं करणं म्हणजे जीव पणाला लावणं.

शॅकमधल्या वादनात मॉनिटरची (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरची) शिट्टीही कंप्रेसरने लवकर लागते, विशेषतः पोकळ अंगाच्या गिटारवर. कारण तेच: तुम्ही गप्प असता तेव्हा पेडल पूर्ण ताकदीने उघडं असतं. गाण्यांच्या मध्ये पायाने बंद करायची सवय लावा.

प्रश्न : वाव, फझ, ओव्हरड्राइव्ह, डिले आणि व्हॉल्यूम पेडल आहेत. यात कंप्रेसर कुठे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : जुन्या धाटणीचं फझ (आवाज जाड आणि फाटका करणारं पेडल) सगळ्यात आधी, त्याला थेट पिकअपच लागतात, मध्ये दुसरं पेडल आलं की आवाज चिरका होतो. त्यानंतर कंप्रेसर, मग वाव (पायाने ‘वा-वा’ असा सूर फिरवणारं), ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारं), व्हॉल्यूम पेडल, शेवटी डिले. वाव कंप्रेसरच्या आधी लावणारेही आहेत, पण मग वावचा चढ-उतारच दाबला जातो. व्हॉल्यूम पेडलही आधी नको: तुम्ही पायाने कमी कराल, कंप्रेसर भरून काढेल. ओव्हरड्राइव्ह स्वतःच आवाज दाबतो, म्हणून कंप्रेसर त्याच्या मागे लावला की हाती मुख्यतः खरखर लागते. त्याच्या आधी लावला की ड्राइव्ह एकसारखा येतो. मात्र गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करायची तुमची सवय असेल तर ती सोय बरीचशी जाते.

प्रश्न : हेच पेडल बास गिटारला चालेल?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : चालेल, बिघडणार काही नाही. पण गिटारसाठीची बरीच पेडलं खालचे सूर पातळ करतात. ब्लेंड असेल तर मूळ आवाज जास्त मिसळा आणि रिलीज लांब ठेवा, कारण बासच्या ई तारेचं कंपन गिटारच्या दुप्पट, म्हणजे २४ मिलिसेकंदांचं असतं.

प्रश्न : पावसाळ्यानंतर नॉब फिरवताना खरखर येते. बॅटरीही लगेच संपते.
– एक वाचक, पेडणे

उत्तर : खाऱ्या दमट हवेत नॉबच्या आतल्या पट्टीवर थर बसतो. वीज काढून नॉबच्या फटीत इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारा आणि नॉब २०-३० वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बिजागऱ्यांना मारतात तो तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ चिकटते. केबलच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेवढ्याने भागलं नाही तर नॉबखालचं पोटेन्शिओमीटर बदलावं लागेल.

बॅटरीचं कारण बहुधा साधं आहे. बहुतेक पेडलांत इनपुटला केबल खोचली की बॅटरी चालू होते, पायाचा खटका बंद असला तरी. वाजवून झालं की केबल काढा. जून ते सप्टेंबर पेडल वापरणार नसाल तर बॅटरीही काढून ठेवा, आत फुटली तर बोर्ड खाते. डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका आणि तिचा रंग पालटला की ती बदला.